पाम्पावरची मायबोली

प्रश्न : ज्यू म्हटलं की सावकार, व्यापारी, डॉक्टर, शास्त्रज्ञ असंच आजवर वाचत आलो. परवा एका पुस्तकात छायाचित्र पाहिलं. रुंद काठाची टोपी, ढगळ विजार आणि घोड्यावर मांड ठोकून बसलेला दाढीवाला गृहस्थ. खाली लिहिलं होतं, 'अर्जेंटिनातला ज्यू शेतकरी'. त्याची भाषा यिडिश होती, असंही पुढं वाचलं. हे ज्यू शेतकरी तिथं कसे पोचले? यिडिश म्हणजे हिब्रूच का? आणि आमच्या अष्टमी-नवगावकडच्या शनिवार तेल्यांच्या घरीही हीच भाषा होती का?
ता. क. : ते शेतकरी आता आहेत का?
— एक निवृत्त शिक्षक, अलिबाग

उत्तर : एका पोस्टकार्डात चार प्रश्न बसवलेत, गुरुजी. मधला सोपा आहे, तो आधी उरकतो.

यिडिश म्हणजे हिब्रू नव्हे. लिपी तीच, उजवीकडून डावीकडं जाणारी, म्हणून बघणाऱ्याची फसगत होते. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत लिहितात म्हणून त्या एक होत नाहीत, तसंच हे. साधारण हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यूंनी आसपासची जर्मन बोली उचलली आणि तिच्यात आपले हिब्रू-अरामी शब्द कालवले. पुढं ही माणसं पूर्वेकडं, पोलंड-युक्रेनच्या बाजूला सरकली तेव्हा स्लाव्ह शब्दांची फोडणी पडली. हिब्रूला ही मंडळी 'लोशन कोयदेश' म्हणत, म्हणजे पवित्र भाषा. यिडिशला म्हणत 'मामे लोशन', आईची भाषा. आपला 'मायबोली' हा शब्द तिथं जसाच्या तसा बसतो. देवाशी बोलायचं ते हिब्रूत. बायकोशी, गिऱ्हाइकाशी, पोराशी आणि रागावल्यावर पुन्हा देवाशीच बोलायचं ते यिडिशमध्ये. दुसऱ्या महायुद्धाआधी ही भाषा बोलणारे जगात एक कोटीहून जास्त होते.

आता शेतकऱ्यांकडं वळू.

झारच्या रशियात ज्यूंनी कुठं राहायचं याची हद्दच आखलेली होती. आजचा लिथुआनिया, बेलारूस, मोल्दोवा, युक्रेन आणि पोलंड यांचा बराचसा भाग त्या हद्दीत येई. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर बाँबहल्ल्यात मारला गेला, खापर ज्यूंवर फुटलं आणि दक्षिणेत दंगली उसळल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात फर्मान निघालं. त्यानुसार ज्यूंना खेड्यात नव्यानं वस्ती करायला बंदी झाली आणि शहराबाहेर जमीन विकत किंवा खंडानं घेण्याचे व्यवहार थांबवले गेले. म्हणजे आधी जमिनीपासून तोडायचं आणि मग 'हे हाताला माती लावत नाहीत' म्हणून बोल लावायचा. खेरसोनकडं १९ व्या शतकाच्या सुरुवातीपासून वसवलेल्या ज्यू शेतकऱ्यांच्या काही वसाहती होत्या, पण त्या अपवादच. 'फिडलर ऑन द रूफ' हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल. त्याचं मूळ म्हणजे शोलेम अलेखेम यांच्या यिडिश कथा, आणि त्यांतला तेव्ये हा दूध-लोण्याचा रतीब घालणारा माणूस. गाय आहे, घोडा आहे, गाडी आहे. नाही ती जमीन. आणि शेवटी त्याला गावातूनही काढतात.

यातून दोन तऱ्हेची माणसं समुद्रापार निघाली. एक, जीव मुठीत धरून निघालेली. दुसरी, 'आम्हीही जमीन कसून दाखवू' अशा ईर्ष्येनं पेटलेली. तुमच्या छायाचित्रातला घोडेस्वार बहुधा पहिल्या तऱ्हेच्या लोकांचा मुलगा किंवा नातू असावा.

१४ ऑगस्ट १८८९ रोजी 'वेसर' नावाची आगबोट ब्वेनोस आयरेसच्या धक्क्याला लागली. तिच्यात पोदोलिया प्रांतातले, म्हणजे आजच्या युक्रेनमधले, आठशेच्या वर ज्यू होते. जमिनीचा करार त्यांनी निघण्याआधीच केला होता. इथं येऊन बघतात तर जमिनीचे भाव चढलेले आणि विकणारा फिरलेला. मग पेद्रो पालासियोस नावाच्या दुसऱ्या जमीनदाराबरोबर सौदा झाला. जमीन सांता फे प्रांतात होती, राजधानीपासून वायव्येला सहाशेच्या वर किलोमीटर. आगगाडीनं ही माणसं त्याच जमीनदाराच्या नावाच्या स्टेशनावर उतरवली. ना घर, ना नांगर, ना बैल. मालगाडीचे डबे आणि स्टेशनातली शेड हाच निवारा. ऑक्टोबर तिथला वसंत, हवा तापत चाललेली. साथ आली आणि साठाहून अधिक मुलं गेली. शेताचा पहिला तास पडायच्या आधी मुलांसाठी खड्डे खणावे लागले.

विल्हेल्म लोवेन्थाल नावाचा डॉक्टर त्या वेळी सरकारी पाहणीच्या कामावर त्या मार्गानं चालला होता. स्टेशनावर त्यानं ही दशा पाहिली आणि जमीनदाराला करार पाळायला लावण्याची खटपट केली. नंतर पॅरिसला सगळी हकीकत लिहून कळवली, ती त्या काळच्या बड्या धनिकापर्यंत, बॅरन मॉरिस द हिर्श यांच्यापर्यंत पोचली. तिकडं स्टेशनावर हाल काढणाऱ्यांत आरोन गोल्डमन हे रब्बी होते. त्यांनी वस्तीला 'किर्यात मोशे', मोशेचं गाव, असं नाव सुचवलं. मोशेनं लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून काढलं, तसे आपण रशियातून निघालो, हा त्यातला भाव. स्पॅनिश कागदपत्रांत त्याचं 'मोइसेस व्हिल' झालं. पुढं लोक समजू लागले की बॅरनच्याच नावावरून गाव वसलं. दात्याच्या नावाचा फलक असा आपोआपही लागतो.

हिर्श म्हणजे बाल्कनमध्ये तुर्की सुलतानासाठी रेल्वे बांधून गडगंज झालेला माणूस. एकुलता मुलगा लुसियेन १८८७ मध्ये वारला होता. १८९१ मध्ये त्यांनी २० लाख पौंड ओतून ज्यू वसाहत संस्था काढली आणि अर्जेंटिनात जमिनीच जमिनी घेतल्या. वाढता वाढता हा पसारा सहा लाख हेक्टरांच्या पलीकडं गेला. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून मोठा, पण चार-पाच प्रांतांत विखुरलेला. मॉरिसिओ, क्लारा, लुसियेनव्हिल ही वसाहतींची नावं म्हणजे बॅरन, बॅरोनेस आणि दिवंगत मुलगा. सातबाऱ्यावर सगळं घराणंच चढलं म्हणा ना.

आता जरा थांबून विचार करा, गुरुजी. शेतीचं पंचांग उलटं झालं तर काय होईल?

शवूएस हा गव्हाच्या कापणीचा सण. तो मे-जूनमध्ये येतो, आणि सांता फेत तेव्हा गव्हाची पेरणी चालू असते. सुकेसला फांद्यांच्या खोपीत राहून शरदातल्या सुगीचे आभार मानायचे, तर तिथं वसंत, शेत अजून हिरवं. वल्हांडण हा वसंताचा सण, तिथं येतो पानगळीत. आणि यावर कडी पावसाची. इस्रायलबाहेरच्या ज्यूंनी रोजच्या प्रार्थनेत पाऊस मागायचा तो डिसेंबरच्या सुरुवातीपासून वल्हांडणापर्यंत. अर्जेंटिनात नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे गहू कापून रचायचा काळ. उभ्या पिकाला आणि रचलेल्या गंजीला भिजवणारा पाऊस कुठला शेतकरी हात जोडून मागेल? ही अडचण नवी नव्हती. १७ व्या शतकातच ब्राझीलमधल्या रेसिफेच्या ज्यूंनी सालोनिकाच्या धर्मपंडिताकडं नेमकी हीच शंका पाठवली होती. पण त्यांच्या आणि यांच्या शंकेत मला फरक वाटतो. शहरातल्या माणसाला असा प्रश्न पडला तर तो पंडिताला पत्र लिहितो. शेतकऱ्याला पडला तर तो ओठांनी प्रार्थना म्हणतो आणि डोळे आभाळाकडं लावून बसतो.

शनिवारचंही तसंच. गायीला शनिवार-रविवार कळत नाही. सड तट्ट फुगून ती हंबरते. धर्मशास्त्रात यातून वाट होती. जनावराचे हाल होऊ नयेत म्हणून ज्यू नसलेल्या शेजाऱ्याकडून धार काढून घेता येते. तेव्हा शनिवारी गोठ्यात क्रिओल्यो गडी यायचा, म्हणजे तिथला पिढीजात माणूस. असं जाऊन-येऊन राहिल्यानं तोही यिडिश बोलायला शिकला. वसाहतींतल्या अनेक गड्यांना आणि दुकानात काम करणाऱ्या पोरांना यिडिश सफाईनं येई. उलट ज्यू पोरं त्यांच्याकडून घोडा फेकायला, फास टाकायला, पोकळ भोपळ्यातला कडवट माते नळीनं ओढायला शिकली. घरात चहाचा रशियन सामोवारही होता आणि मातेही. यिडिश वाक्यात घोड्याच्या सामानाचे आणि रानाचे शब्द स्पॅनिशच राहिले.

या जगाबद्दल आपल्याला आज जे ठाऊक आहे ते मुख्यतः दोन प्रकारच्या पुस्तकांतून, आणि त्यांतला फरक मला फार बोलका वाटतो. आल्बेर्तो गेर्चुनॉफ हा लहानपणी मोइसेस व्हिलमध्ये आलेला मुलगा. त्यानं १९१० मध्ये 'ज्यू गौचो' या अर्थाच्या नावाचं पुस्तक स्पॅनिशमध्ये लिहिलं. गौचो म्हणजे पाम्पा या गवताळ मैदानावरचा घोडेस्वार गुराखी. देशाच्या शताब्दीचं ते वर्ष. पुस्तकात सोनेरी शेतं, नांगर धरणारे दाढीवाले म्हातारे, 'ही भूमी आता आमची' असा सूर. पुस्तक गाजलं, शाळांतून पोचलं. दुसरा माणूस मोर्देखाई आल्पेरसोन. १८९१ मध्ये मॉरिसिओ वसाहतीत आलेला साधा शेतकरी. त्यानं यिडिशमध्ये तीन खंड लिहिले, नाव 'अर्जेंटिनात तीस वर्षं'. त्यात शेतं आहेतच, पण त्यांच्यावर उतरणारी टोळधाडही आहे, आणि टोळांहून त्याला जास्त छळणारे कचेरीतले अधिकारीही आहेत.

कचेरीची गोष्ट सांगायलाच हवी. संस्थेचा कारभार पॅरिसहून चाले, कागद फ्रेंचमध्ये असत आणि अधिकारी फ्रेंच वळणाचे होते. शेतकरी यिडिशभाषक. दोघेही ज्यू, पण एकमेकांची भाषा धड कळत नाही आणि कळली तरी पटत नाही. जमीन हप्त्यांवर दिलेली. कर्ज पुरतं फिटेपर्यंत मालकीचा कागद हाती पडायचा नाही. मुलगा मोठा झाला, बापाशेजारी त्याला तुकडा द्या म्हटलं तर अधिकारी खळखळ करीत, दूरच्या वसाहतीकडं बोट दाखवीत. ऋण काढून दान घेतल्यासारखी गत. बॅरनचा हेतू खोटा होता असं मला वाटत नाही. पण दान देणाऱ्याला घेणाऱ्याच्या शहाणपणावर विश्वास नसला की काय होतं, याचा हा नमुना आहे.

गेर्चुनॉफनं शेजाऱ्याच्या भाषेत लिहिलं. शेजाऱ्यासमोर आपण घर आवरून ठेवतो. आल्पेरसोननं घरच्या भाषेत लिहिलं, त्यामुळं त्याला मोरीतलं पाणी लपवायचं कारण नव्हतं. यिडिशमध्ये या लोकांनी काय सांभाळलं असं कुणी विचारलं तर लोक गाणी, खाद्यपदार्थ, विनोद अशी यादी देतील. माझ्या मते त्यांनी त्या भाषेत सर्वांत जपून ठेवली ती तक्रार.

तक्रारीतून कामंही उभी राहिली, हे खरं. १९०० मध्ये लुसियेनव्हिलच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, ती अर्जेंटिनातल्या शेतकी सहकाराच्या अगदी पहिल्या पावलांपैकी एक मानतात. मोइसेस व्हिलची 'ला मुतुआ' १९०८ ची. पोतं, बी, दोरी, अवजारं एकत्र घ्यायची, धान्य एकत्र विकायचं, म्हणजे अडत्यासमोर आणि कचेरीसमोरही ताठ उभं राहता येतं. प्रवरेकाठच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

आणि नाटक! मोइसेस व्हिलमध्ये 'कादिमा' नावाची संस्था होती. कादिमा म्हणजे 'पुढं चला'. १९०९ मध्ये वाचनालय सुरू झालं, १९२९ मध्ये स्वतःचं नाट्यगृह उभं राहिलं. चहूकडं अल्फाल्फा गवताची कुरणं आणि मध्ये बाल्कनी असलेलं रंगमंदिर. ब्वेनोस आयरेस तेव्हा यिडिश रंगभूमीच्या मोठ्या गावांपैकी एक. तिथं यिडिश दैनिकं निघत, न्यूयॉर्क-वॉर्सोचे नट येत. त्यांतले काही गाडी पकडून या खेड्यापर्यंत पोचत. गावकऱ्यांची हौशी मंडळीही प्रयोग बसवीत. अमुक नटाचा दुसरा अंक पडला म्हणून दुसऱ्या दिवशी दूध घालायला आल्यावर वाद घालणारी माणसं कशी असतील, याची कल्पना सांगलीकर आणि पेडणेकर सहज करतील.

आता जरा उत्तर अमेरिकेत डोकावून येऊ, कारण तिथं एका शब्दाची गंमत आहे.

यिडिशमध्ये शेतकऱ्याला 'पोयेर' म्हणत. जर्मन 'बाउअर'वरून आलेला शब्द. पण त्याचा वास खेडवळ, अडाणी, आणि अर्थातच 'तो आपल्यातला नव्हे' असा. आईनं पोराला पोयेर म्हटलं तर ती त्याला दटावते आहे, हे नक्की. मग ज्यूच शेती करू लागले तर स्वतःला म्हणायचं काय? १८८२ पासून न्यू जर्सीत अलायन्स, कार्मेल, पुढं वुडबाइन अशा वसाहती उभ्या राहिल्या होत्या. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या ज्यू शेतकी संस्थेनं यिडिशमध्ये शेतीचं मासिक काढलं. नाव ठेवलं 'देर यिडिशेर फार्मर'. 'पोयेर' गाळला आणि इंग्रजी 'फार्मर' उचलून हिब्रू अक्षरांत बसवला. मासिक पुढं पन्नास वर्षं चाललं. पवित्र पुस्तकांची सवय असलेल्या त्या अक्षरांत आता जमिनीचा कस, गायीचे रोग, कोंबड्यांचा खुराडा. मला तो पहिला अंक हातात धरलेला माणूस बघायला आवडला असता. उजवीकडून डावीकडं वाचत तो खताच्या प्रमाणापर्यंत पोचला असेल.

जाता जाता एक गैरसमज. यिडिशला झाडंपाखरं ठाऊक नाहीत, सगळ्या झाडांना ती 'झाड' म्हणते, असा विनोद खुद्द यिडिशभाषकच करत आले. मोर्दखे शेख्तर या भाषापंडितानं आयुष्यभर शब्द गोळा करून २००५ मध्ये वनस्पतींच्या यिडिश नावांचा जाडजूड कोश छापला आणि विनोद मोडीत काढला. शब्द होते. शहरी लेखकांना गरज पडली नव्हती, इतकंच.

न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात मात्र जमीन दगडाळ निघाली. तिथल्या ज्यू शेतकऱ्यांना लवकरच कळलं की दूध विकण्यापेक्षा दूध पिणाऱ्याला उन्हाळ्यात घरी ठेवून घेणं किफायतशीर. शहरातले शिंपी आठ दिवस हवा खायला येत. १९१४ मध्ये ग्रॉसिंगर कुटुंबानं असंच शेत घेतलं आणि पाहुणे ठेवले. पुढं त्याचं प्रचंड हॉटेल झालं. आपल्या कोकणातल्या 'घरगुती जेवण, राहण्याची सोय' पाट्यांचा हा चुलत पणजोबा.

कॅलिफोर्नियात पेटालुमा गावी कोंबड्या होत्या. हे गाव स्वतःला 'जगाची अंड्यांची टोपली' म्हणवून घेई. थोडं भांडवल, थोडी जमीन आणि शेजारी गावं असली की कुक्कुटपालन जमतं, म्हणून यिडिशभाषक कुटुंबं १९०४ पासून तिथं जमत गेली. १९२५ मध्ये त्यांनी समाजगृह बांधलं. दिवसभर अंडी गोळा करायची, संध्याकाळी हात धुऊन तिथं वाचनमंडळ, गायनवृंद, नाटक आणि राजकारणाचा कडकडाट. समाजवादी, साम्यवादी, झायनवादी, सगळे एकाच छपराखाली, एकाच भाषेत एकमेकांना शिव्या घालत. १९३५ मध्ये स्थानिक टोळक्यानं डाव्या विचारांच्या दोघांना पकडून अंगाला डांबर आणि पिसं फासली. त्यांतला एक पेटालुमाचा कोंबडीवाला ज्यू होता. पुढं १९५० च्या दशकात, मॅकार्थीच्या साम्यवादविरोधी मोहिमेच्या काळात, समाजगृहातून डाव्या मंडळींना त्यांच्याच भाईबंदांनी बाहेर काढलं. अनेकांच्या म्हणण्याप्रमाणे तो घाव पिसांपेक्षा खोल गेला. गावाचा आकार पाहता, ज्याला समाजगृहातून काढलं त्याला रोज सकाळी खाद्याच्या गोदामात भेटावंच लागे.

आता तुमचे शनिवार तेली. नाही, त्यांच्या घरी यिडिश नव्हती. यिडिश ही युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची भाषा, आणि सगळे ज्यू अश्केनाझी नसतात. तुमचे शनिवार तेली म्हणजे कोकणातले बेने इस्रायल ज्यू, त्यांची घरची भाषा मराठी. प्रार्थना हिब्रूत, पण घाण्यावरची भाषा, ओवी, जात्यावरचं गाणं मराठी. कीर्तनंसुद्धा मराठीत झाली आणि तीही दावीद-मोशेच्या आख्यानांवर. घाणा शनिवारी बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली, आणि आडनावं तर गावांचीच : पेणकर, नवगावकर, अष्टमकर, केहिमकर. यिडिशभाषकांनी भाषा गाठोड्यात बांधून समुद्र ओलांडला, आणि जिथं गेले तिथं ती शेजाऱ्यांहून वेगळी राहिली. बेने इस्रायलांनी इथल्या मातीचीच भाषा घरात घेतली. गंमत पुढची आहे. इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावर त्यांनी मराठी गाठोड्यात बांधली. तिथं त्यांनी मराठी नियतकालिक काढलं, त्याचं नाव 'मायबोली'. म्हणजे 'मामे लोशन'च! पोदोलियाच्या बायका आणि रेवदंड्याच्या बायका एकमेकींना भेटल्या असत्या तर एकीचं अक्षर दुसरीला कळलं नसतं, पण शनिवारी चूल का पेटत नाही हे सांगावं लागलं नसतं.

उरलं तुमचं ताजा कलम.

वसाहतींत एक म्हण रूढ झाली : आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर पिकले. ही म्हण हसत सांगतात, पण तिच्यात शेतीचा शेवटही आहे. आईबापांनी राबून पोरांना रोसारियोला, ब्वेनोस आयरेसला शिकायला घातलं. पोरं तिकडंच राहिली. शाळा स्पॅनिश, खेळ स्पॅनिश, प्रेमपत्रं स्पॅनिश. कर्ज फिटून मालकीचा कागद हातात आला तोवर जमीन कसायला घरात म्हातारीच उरलेली. मोइसेस व्हिलला एके काळी 'अर्जेंटिनाचं जेरुसलेम' म्हणत. आज गावातल्या अडीच-एक हजार लोकांत ज्यू साधारण दहातला एक. कादिमाची इमारत उभी आहे, देवळं आहेत, दफनभूमी आहे, संग्रहालयाला रब्बी गोल्डमन यांचं नाव आहे. श्त्रूदेल आता इटालियन वंशाच्या घरांतही लाटतात.

भाषेचं म्हणाल तर नाझींनी मारलेल्या साठ लाखांत बहुतेक यिडिशभाषक होते. ती आज रोजच्या वापरात उरली आहे ती मुख्यतः ब्रुकलिन, जेरुसलेम, अँटवर्प इथल्या हसिदी वस्त्यांत, आणि त्यांचा शेतीशी संबंध नाही.

पण एक माणूस सांगतो. १८९८ मध्ये मिखल हाकोहेन सिनाय या मोइसेस व्हिलहून आलेल्या विशीच्या तरुणानं ब्वेनोस आयरेसला अर्जेंटिनातलं पहिलं यिडिश वृत्तपत्र काढलं, 'देर व्हिडेरकोल', म्हणजे प्रतिध्वनी. शहरात हिब्रू खिळे नव्हते, म्हणून हातानं लिहून शिळाछापावर काढलेलं. अंक मोजकेच निघाले. पुढं १९४७ मध्ये, म्हातारपणी, त्यानं एक यिडिश लेख लिहिला. मोइसेस व्हिलच्या सुरुवातीच्या वर्षांत लुटारूंनी आणि गौचोंनी मारलेल्या ज्यूंची ती हकीकत होती : बावीस खून. लेख यिडिशमध्ये राहिला आणि घरात यिडिश वाचणारं कुणी उरलं नाही.

त्याचा पणतू हाविएर सिनाय हा ब्वेनोस आयरेसचा पत्रकार. त्याला पणजोबाच्या या लेखाचा पत्ता लागला, पण अक्षर ओळखता येईना. तो यिडिशच्या वर्गात जाऊन बसला. आलेफपासून सुरुवात. मग जुनी यिडिश कागदपत्रं शोधत फिरला. त्या शहरातलं यिडिश ग्रंथालय ज्या इमारतीत होतं, ती १८ जुलै १९९४ रोजी बाँबनं उडवली गेली. तरुण मुलांनी ढिगाऱ्यात उतरून हजारो पुस्तकं बाहेर काढली होती. २०१३ मध्ये हाविएरचं पुस्तक स्पॅनिशमध्ये आलं.

त्या बावीस जणांत १८९१ च्या फेब्रुवारीत मारला गेलेला एक गृहस्थ आहे. आडनाव गेर्चुनॉफ. सोनेरी शेतांचं पुस्तक लिहिणाऱ्या आल्बेर्तोचे वडील.